हळद, चुना आणि पेटंट
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी विषय कळविला तेव्हा खाली "सोपे करून सांगावे" अशी पुस्तीही जोडली होती. कायद्याची गोष्ट सोपी करता करता ती खोटी होऊन बसण्याची भीती असते. तरी प्रयत्न करते. विषय तसा आपल्या घरचाच आहे. आपले मंडळ केसांचे तेल करते. तिळाच्या तेलात माका, आवळा, जास्वंदीची फुले आणि थोडे कोसमाच्या बियांचे तेल, एवढाच त्याचा प्रपंच. नागझिरा पाहावयास येणारी मंडळी परत जाताना बाटल्या घेऊन जातात. त्यांतल्याच एका गृहस्थांनी गेल्या हंगामात सल्ला दिला की, "याचे पेटंट घेऊन टाका, नाही तर दुसरा कोणी घेईल, आणि मग तुमचेच तेल तुम्हाला करता येणार नाही." त्या दिवसापासून आपल्या कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, शिलकीतले पैसे काढावेत आणि पेटंटचा अर्ज करावा. दुसरा म्हणतो, कोर्टकचेरीची बला नको, तेलच बंद करावे. दोन्ही तटांत माझ्या मैत्रिणी आहेत. तेव्हा कोणालाच पुरते खूष न करता मला जे ठाऊक आहे ते सांगते.

पेटंट म्हणजे सरकारने दिलेली मुदतीची मक्तेदारी. एखाद्याने नवा शोध लावला, तो कसा करावा हे कागदावर उघड करून दिले, की त्याच्या बदल्यात वीस वर्षे तो दुसऱ्या कोणी धंद्यासाठी वापरावयाचा नाही. ही देवघेव आहे. समाजाला ज्ञान मिळते, शोधकाला मुदतीपुरता हक्क मिळतो. आपल्या देशाचा पेटंटचा कायदा १९७० सालचा. त्याआधी न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली जो अहवाल दिला त्यावर तो बराचसा उभा आहे, आणि पुढे त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. अर्जदाराला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. वस्तू नवी आहे का? तिचा काही उद्योगी उपयोग आहे का? आणि तिसरा, सर्वांत चिवट प्रश्न: त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती सहज सुचण्यासारखी तर नव्हती ना?

हा "जाणता माणूस" कोण, हे नीट समजून घेतले पाहिजे. तो प्रोफेसर नव्हे, आणि कालपरवा कामाला लागलेली पोरही नव्हे. तेलाच्या बाबतीत म्हणाल तर आपल्या मंडळात जी बाई पंधरा वर्षे कढईपुढे बसली आहे, वासावरून तेल उतरवायची वेळ ओळखते, आणि माका मिळाला नाही तर त्याऐवजी काय घालावे हे जिला विचारावे लागत नाही, ती. जे तिला आपोआप सुचेल त्याला शोध म्हणावयाचे नाही.

आता खरी मेख. जगात अगदी कोरे असे फार थोडे असते. बहुतेक शोध म्हणजे जुन्याच दोन-चार गोष्टींची जुळणी. सौंदर्यप्रसाधनांत तर विचारूच नका. उटणे घ्या, दंतमंजन घ्या, केसांचे तेल घ्या, सारे मिश्रणच. मग माहीत असलेल्या वस्तू एकत्र केल्या तर तो शोध केव्हा होतो, आणि केव्हा ती नुसती सरमिसळ राहते?

इंग्लंडात हा प्रश्न १८९० साली एका खाटकी यंत्रावरून निघाला होता. मांस बारीक करण्याचे एक यंत्र जुने होते, ते कातडीच्या नळीत भरण्याचे दुसरे यंत्रही जुने होते. एकाने दोन्ही एका सांगाड्यावर बसवून पेटंट घेतले. कोर्टाने म्हटले, यात सोय आहे, शोध नाही. त्याच सूत्राचा आधार तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने २००४ साली गॅसच्या शेगडीच्या बर्नरवरील खटल्यात घेतला. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि प्रत्येक आपापलेच काम करीत राहिली, तर ती दोन कामे आहेत. त्यांना एक शोध म्हणू नका, आणि प्रत्येकीची परीक्षा वेगळी घ्या. आपल्याकडेही १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मिर्झापूरच्या भांडी करणाऱ्या एका कारखान्याचे पेटंट रद्द ठरविताना हाच धडा घातला. भांडे लेथवर धरून घासण्याच्या युक्तीवर ते पेटंट होते. न्यायालयाचे म्हणणे असे की, कारखान्यातला कसबी कारागीर रोजच्या कामात करील तेवढी सुधारणा पुरत नाही. जुन्या गोष्टींनी एकमेकींवर काम करून काही नवा परिणाम दिला पाहिजे.

हे मी आपल्या कपाळावरच्या उदाहरणाने सांगते. हळद पिवळी, चुना पांढरा. पिवळ्यात पांढरे मिसळले तर काय व्हावे? फिके पिवळे. पण होते लाल! हळदीतल्या रंगद्रव्यावर क्षाराची क्रिया होते म्हणून. त्याच गुणावर आपले जुने कुंकू झाले. ज्या कोणा बाईने प्रथम हे केले असेल तिला आजच्या कायद्याने खुशाल पेटंट द्यावे लागले असते. कारण हळद जाणणाऱ्या आणि चुना जाणणाऱ्या कोणाच्याही डोक्यात लाल रंग आला नसता. आता दुसरे उदाहरण पाहा. आपल्या आज्या कपाळाला आधी मेण लावीत आणि त्यावर कुंकू टेकवीत. मेण चिकटवून धरते, कुंकू रंग देते. उद्या कोणी करंड्याच्या एका खणात मेण आणि दुसऱ्यात कुंकू भरून "नवा शोध" म्हणून मांडला तर तो वरच्या खाटकी यंत्राचाच धाकटा भाऊ. मात्र कोणी मेणात रंग असा मुरविला की भर उन्हात रोवणीला वाकले तरी तो ओघळत नाही, आणि तसे का होते हे प्रयोगाने दाखविले, तर मग वकिलांना दोन्ही बाजूंनी भांडायला जागा आहे. वकील भांडतातही, कारण बहुतेक तंटे याच मधल्या पट्टीत असतात.

आपल्या कायद्याने ही गोष्ट दोन कलमांत लिहून ठेवली आहे. तिसऱ्या कलमाचा एक पोटभाग म्हणतो की, नुसते मिश्रण, ज्यात घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होते, तो शोध नव्हे. एका तेलाने कोंडा चार आणे कमी होतो, दुसऱ्याने चार आणे. दोन्ही मिळून आठ आणे कमी झाला तर ती बेरीज झाली. तोच मिळून बारा-चौदा आणे गेला, आणि तुम्ही तो तराजूमापाने दाखविलात, तर ऐकून घेऊ. दुसरा पोटभाग २००२ च्या दुरुस्तीने आला. परंपरेने माहीत असलेले ज्ञान, किंवा परंपरेने माहीत असलेल्या घटकांच्या माहीत असलेल्या गुणांची गोळाबेरीज, हाही शोध नव्हे. हिमाचलातले लोक पाठीवर बांबूची टोपली घेतात, तिला किल्टा म्हणतात. तीच प्लॅस्टिकची करून पेटंट घेतलेल्यांना तिथल्या उच्च न्यायालयाने याच पोटभागाकडे बोट दाखवून परत पाठविले.

इतके सरळ आहे तर मग तंटे का होतात, असे तुम्ही विचाराल. तंटा होतो तो पुराव्यावरून. अर्ज तपासणारा अधिकारी दूर देशी बसलेला असतो. त्याच्या टेबलावर जे कागद, तेवढेच त्याचे जग.

हळदीचे पेटंट तुम्हां सर्वांना ऐकून ठाऊक असेल. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांच्या नावे ते निघाले: जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग. गंमत अशी की ते दोघेही भारतीय वंशाचे. त्यांच्या घरी कोणी गुडघा फोडून घेतल्यावर हळद भरली नसेल असे मला तरी वाटत नाही. पण त्या वेळच्या अमेरिकन कायद्याचा एक नियम होता. परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात आहे, लोकांना ठाऊक आहे, एवढ्याने भागत नसे. ती छापलेली दाखवावी लागे. म्हणजे आपल्या कोट्यवधी आज्या-पणज्यांची साक्ष तिथे शून्य! हा नियम पुढे २०११ च्या कायद्याने बदलला आणि २०१३ पासून जगात कोठेही उघड वापरात असलेली गोष्ट तिथे धरली जाऊ लागली. पण १९९६ साली तो होता, आणि त्याच नियमाने लढावे लागले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. परिषदेने बत्तीस कागद गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, उर्दू होते, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेख होता. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पेटंटमधले दावे फेटाळले गेले. मला या गोष्टीत सर्वांत बोलका वाटतो तो १९५३ चा लेख. ज्याने तो लिहिला त्याला तो चव्वेचाळीस वर्षांनी कोणत्या कामी पडेल याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने निरीक्षण केले, छापून टाकले, वर तारीख पडली.

कडुनिंबाची गोष्ट जरा निराळी. युरोपच्या पेटंट कचेरीने १९९४ साली अमेरिकेच्या शेतीखात्याला आणि एका अमेरिकन कंपनीला निंबोळीच्या तेलाने पिकावरची बुरशी मारण्याचे पेटंट दिले. युरोपात वापराची साक्षही चालते. तेथे फडके आडनावाच्या एका भारतीय कारखानदारांनी उभे राहून सांगितले की, असला अर्क आम्ही अर्जाच्या पूर्वीपासून काढत आलो आहोत. २००० च्या मे महिन्यात पेटंट रद्द झाले, आणि २००५ च्या मार्चमध्ये अपीलही गेले. एक माणूस आपल्या कामाची साक्ष द्यायला समुद्रापार गेला, त्याचा हा परिणाम. अर्थात त्याच्यामागे लढणाऱ्या संस्था होत्या, वकील होते, आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत दहा वर्षे लागली, हेही विसरू नका.

आता आपल्या तेलाला अगदी जवळची गोष्ट. इंग्लंडच्या पॅन्जिया लॅबोरेटरीज या कंपनीने २०११ साली युरोपच्या कचेरीत अर्ज केला: हळद, पाइन झाडाची साल आणि हिरवा चहा यांचे मिश्रण, केस गळण्यावर. तिन्ही वस्तू जुन्या. नवी होती ती जुळणी. एव्हाना आपल्या सरकारने पारंपरिक ज्ञानाचे एक डिजिटल ग्रंथालय उभे केले होते. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतले लाखो पाठ इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या भाषांत मांडून ठेवलेले. त्यातून पुरावे काढून २०१४ च्या जानेवारीत हरकत नोंदविण्यात आली की, या वस्तू केसांसाठी आमच्याकडे कधीपासूनच्या चालत आल्या आहेत. पुढच्या वर्षी, जून २०१५ मध्ये, तो अर्ज सोडून दिल्यातच जमा झाला. निकालपत्र असे लिहिले गेले नाही. सामनेवाल्यानेच पाय मागे घेतला. असे नेहमीच होते असे मात्र समजू नका. अमेरिकेत २०१० साली कोलगेट-पामोलिव्हला लाल दंतमंजनाचे पेटंट मिळालेच. त्यात लवंगेचे तेल, कापूर, मिरी, पुदिना. आपल्याकडे त्यावर बरीच ओरड झाली. घटक सारे ओळखीचे असूनही नेमक्या जुळणीचा दावा कधी कधी पार होतो, तो असा.

आणि खरे सांगायचे तर प्रत्येक वेळी परकी कंपनी चोर आणि आपण साव, असेही नसते. झाल्यावर सगळेच सोपे वाटते. मागाहून "हे तर मलाही सुचले असते" म्हणायला काय जाते? न्यायाधीश स्वतःला या मोहापासून बजावीत असतात, ते उगीच नव्हे. हळद आणि चंदन चेहऱ्याला लावावे हे सुचायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण त्याची मलई अशी करावयाची की तोंड पिवळे होऊ नये, डबी उघडी राहिली तरी नासू नये, आणि हजार डब्या एकसारख्या निघाव्यात, यात डोके लागते. नागपूरकडून मुंबईस जाऊन १९५२ साली परळमध्ये धंदा उभारणाऱ्या केशव विष्णु पेंढरकरांच्या विको कंपनीची हळदीची मलई घरोघर गेली ती या कसबावर. तिच्यावरून वर्षानुवर्षे खटला चालला तोही पेटंटचा नव्हे, तर ती औषध की प्रसाधन, म्हणजे जकात कोणत्या दराने, असा. आणि तो अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कंपनीच्या बाजूने सुटला. ज्याने असले कसब खरोखर नव्याने केले त्याला त्याचे फळ मिळू नये, असे मी म्हणणार नाही. त्याने आपल्या मलईवर हक्क सांगावा. माझ्या परसातल्या हळदीवर सांगू नये.

आता आपले तेल. पहिल्या तटाच्या मैत्रिणींना माझे स्पष्ट सांगणे आहे की, पेटंटच्या अर्जावर पैसे घालू नका. तीळ, माका, आवळा, जास्वंद: चारही केसांसाठी प्रसिद्ध आहेत. कोसमाचे तेल डोक्याला लावणाऱ्या म्हाताऱ्या या सभेतच बसल्या आहेत. पाच गुण, त्यांची बेरीज पाच. अधिक काही होत असेल तर ते मोजून दाखवावे लागेल, आणि शिवाय अर्जाची फी, तपासणीची फी, पुढे वर्षाला नूतनीकरण, वकील. शिवाय आपण हे तेल इतकी वर्षे उघडपणे विकत आहो, तेव्हा नवेपणाचा प्रश्न आपणच निकालात काढला आहे. पैसे असतीलच तर तेलाच्या नावाची आणि चिठ्ठीची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करा. गिऱ्हाईक नाव पाहून येते. विक्रीसाठी प्रसाधने तयार करण्याचा परवानाही लागतो, पण तो वेगळा विषय आहे. त्यावर अध्यक्षाबाईंनी स्वतंत्र बैठक बोलावली आहे.

दुसऱ्या तटाची भीती मात्र सर्वस्वी पोकळ नाही. तेल बंद करण्याचे कारण मुळीच नाही. पण उद्या कोणी "तिळाच्या तेलात माका व कोसम" असा अर्ज केला तर त्याला थांबविणार कोण? ते ग्रंथालय आहे, पण त्यात ग्रंथांतले ज्ञान आहे. माक्याचे, आवळ्याचे पाठ त्यात सापडतील. आपल्या रानातल्या बायका जे करतात ते कोणत्या संस्कृत ग्रंथात आहे? कोसमाच्या बिया कधी वेचाव्यात, टोरीचे तेल, म्हणजे मोहाच्या बियांचे, थंडीत थिजले तर त्यात काय घालावे, करंजाचे तेल कोणत्या खरजेवर चालते आणि कोठे लावू नये, हे गोंडीत, हलबीत, आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत तोंडातोंडी चालत आले आहे. तो अधिकारी वाचणार कोठून?

येथे आपल्या कायद्यात एक वाक्य आहे. मला ते सबंध कायद्यातले सर्वांत मायेचे वाक्य वाटते. पंचविसाव्या कलमात अर्जाला विरोध करण्याची कारणे दिली आहेत. त्यांतले एक असे की, ही गोष्ट स्थानिक किंवा आदिवासी समाजात, तोंडी असो वा अन्य प्रकारे, आधीच ठाऊक होती. तोंडी! हळदीच्या वेळी जी साक्ष अमेरिकेत शून्य ठरत होती ती आपल्या कायद्याने दारातून आत घेतली आहे. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यानंतर पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही लेखी विरोध करू शकतो. त्याला कंपनी असावे लागत नाही, वकील असावे लागत नाही. शिवाय अर्जदाराने वापरलेली जैविक वस्तू कोठली हे सांगितलेच पाहिजे. ते लपविले तर तेही विरोधाचे कारण.

परंतु "आम्हाला ठाऊक होते" म्हणणे आणि "अमुक तारखेला ठाऊक होते" असे दाखविणे यांत मोठे अंतर आहे. त्यासाठी दोन वाटा मला दिसतात. एक, २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाला समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. पुष्कळ ठिकाणी ती झाडांची नावे भरून कपाटात गेली. तिच्यात वापर लिहून घ्या: कोणती वस्तू, कशात, कशासाठी, कोणाकडून कळले. या राज्याचे जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे, फार दूर नाही. दुसरी वाट म्हणजे ही आपली स्मरणिका. छापलेली, वर्ष घातलेली, चार ग्रंथालयांत ठेवलेली स्मरणिका हा पुरावाच आहे. १९५३ चा तो लेख तरी याहून निराळा काय होता?

यावर कमिटीत एक चांगला प्रश्न निघाला, तो सांगितलाच पाहिजे. छापले म्हणजे चोराला वाट दाखविली, असे नाही का? आहे, तसे आहे. छापलेली कृती कोणीही करून विकू शकेल, शहरातला कारखानदारसुद्धा. पण तिची मक्तेदारी तो घेऊ शकणार नाही. गुप्त ठेवली तर कारखानदाराला मिळणार नाही, आणि एखाद्याने ती कशीबशी मिळवून आपल्या नावाने अर्ज केला तर आपल्या हातात कागद नसेल. दोन्हीत तोटा आहे. माझे मत असे की, जे दहा गावांना ठाऊक आहे ते छापावे. त्यात लपविण्यासारखे उरलेलेच नाही. जे एखाद्या घराचेच आहे, एखाद्या वैदूबाईने सासूकडून घेतले आहे, ते तिला विचारल्यावाचून, तिच्या होकारावाचून छापू नये आणि वहीतही घालू नये. मंडळाच्या उत्साहात तिच्या ओच्यातले काढून घेण्याचा हक्क आपल्यालाही नाही.

चिटणीसबाईंनी एक कोरी वही आणून ठेवली आहे. प्रत्येक पानावर तारीख, सांगणारीचे नाव, गाव आणि लिहून घेणारीची सही, एवढे असावे. कोसमापासून सुरुवात करू, कारण त्या सांगणाऱ्या म्हाताऱ्या आज येथे आहेत आणि त्यांची परतीची गाडी चारची आहे. ज्यांना गोंडीत सांगणे सोईचे वाटेल त्यांनी गोंडीतच सांगावे. शाळेतल्या बाई शेजारी बसून मराठीत उतरवून घेतील.